लंगडा ठेका

एकोणीसशे अडुसष्ट साल. त्या वर्षी थोरलीचे वडील गेले, आणि उन्हाळा संपायच्या आत ऑफिसने क्वार्टर रिकामं करायला सांगितलं.

सांगितलं म्हणजे अगदी माणुसकीने सांगितलं. मोठे साहेब स्वतः घरी आले. वडिलांची खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर न बसता बाजूच्या स्टुलावर बसले, पाणी प्यायले आणि आईला म्हणाले, "वहिनी, नियम माझ्या हातात नाही. पण टायपिंग विभागात एक जागा निघते आहे. थोरलीला परीक्षेला बसू दे. लागली, तर क्वार्टर तिच्या नावावर चालू राहील. वशिला मात्र मी लावणार नाही."

"तुम्ही वशिला लावला असता तरी यांना आवडलं नसतं," आई भिंतीवरच्या वडिलांच्या फोटोकडे बघत म्हणाली.

क्वार्टर म्हणजे दोन खोल्या आणि एक अरुंद गॅलरी. पण त्या गॅलरीत धाकटीचा अभ्यासाचा पाट होता, आणि वडिलांनी हाताने ठोकलेली पुस्तकांची फळी होती. धाकटी तेव्हा अकरा वर्षांची. शाळेत पहिला नंबर कधी सोडला नाही, आणि घरात बोलण्यात कुणाला हार गेली नाही. मामा समाचाराला आला तेव्हा त्याने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं.

"तिघी माझ्याकडे चला. धाकटी दुकानात बसेल, हिशेबाला हुशार आहे. शाळा काय, खूप झाली."

"मामा, तुमच्या दुकानात काय काय विकतात?" धाकटीने दाराआडून विचारलं.

"खिळे, कुलपं, साखळ्या."

"मग मला कशानं बांधणार, तेवढं आत्ताच सांगा."

आईने तिला दटावलं, पण थोरलीला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. परीक्षा शरदात होती. थोरली लागली नाही, तर फळीवरची पुस्तकं आणि ही अकरा वर्षांची जीभ, दोन्ही साखळ्यांच्या दुकानात जाणार होती.

परीक्षा साधी नव्हती. आताच्या मुली मिनिटभर बोटं नाचवून आपला स्पीड सांगतात. त्या ऑफिसला तसला स्पीड नको होता. तिथे दिवस दिवस लांबलचक अहवाल टाइप करायचे असत, म्हणून परीक्षा अखंड तासाची. तासाचे चार भाग पाडायचे, प्रत्येक भागाचे शब्द वेगळे मोजायचे, आणि शेवटच्या भागाचा स्पीड पहिल्यापेक्षा खाली आला की नापास. मधे थांबायचं नाही, पाणी प्यायचं नाही, बोटं मोडायची नाहीत.

थोरलीचा हात जलद होता. क्लासमध्ये तिच्याइतकं जलद कुणी नव्हतं. पण अर्धा तास झाला की तिचा डावा हात ओल्या कपड्यासारखा जड व्हायचा. आधी करंगळी, मग मनगट, मग खांदा. ओळी चालू राहायच्या, पण रडतखडत.

"पहिल्या पाच मिनिटांत कुणीही पळतं," क्लासच्या बाई म्हणायच्या. "मला शेवटची पाच मिनिटं दाखव."

बाईंचा क्लास एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर होता. लांबट खोली, दोन खिडक्या, एकामागे एक मांडलेली टेबलं आणि त्यांवर काळी, जड मशीन्स. खाली भट्टी असल्यामुळे फरशी बारा महिने कोमट असायची. थंडीत मुली चपला काढून बसत, उन्हाळ्यात घाम पुशीत. पावाचा वास, मशीनच्या तेलाचा वास आणि रिबनच्या शाईचा वास असा तिथला एकच एक वास झाला होता. त्या क्लासमध्ये शिकलेल्या बाईला तो डोळे मिटूनही ओळखता येईल.

बाईंची एक पद्धत होती, ती दुसऱ्या कुठल्या क्लासमध्ये नव्हती. त्या मुलींच्या जोड्या लावत. दमणारी मुलगी पुढच्या मशीनवर, तग धरणारी तिच्या मागच्या मशीनवर. मागचीने एका लयीत टाइप करायचं आणि पुढचीने तो ठेका कानाने धरून चालायचं. पुढचीने मागे वळून बघायचं नाही, हा कडक नियम.

"मान वळली की बोटं वळतात," बाई सांगत. "मागे कोण आहे याच्याशी तुला काय करायचंय? आहे एवढं पुरे."

थोरलीच्या मागे बडबडी बसायची. गोल चेहऱ्याची, सदा हसरी मुलगी. तोंडाचा पट्टा चालू असतानाही तिच्या हातांचा ठेका कधी चुकला नाही. तिच्या आधारावर थोरली अर्ध्या तासाच्या पुढे थोडी थोडी सरकू लागली होती. मग पावसाळ्याच्या शेवटी बडबडीचं लग्न ठरलं.

"नवऱ्याला टायपिंग येतं का ग?" मुलींनी विचारलं.

"येत नाही. म्हणून तर निवडला. घरात आवाज माझा एकटीचा पाहिजे."

ती गेली आणि मागचं मशीन रिकामं झालं. क्लासमध्ये दुसरी तग धरणारी कुणी नव्हती. बाई म्हणाल्या, "आता तुझी तूच. जेवणानंतर येत जा. तेव्हा खोली रिकामी असते, हवा तेवढा वेळ बस. मी आतल्या खोलीत पडलेली असते. हाक मारू नकोस, मला डोळा लागतो."

पहिले काही दिवस तिच्या डोळ्यांतून पाणी यायचंच बाकी राहिलं. रोज तीच गत. अर्धा तास, आणि डावा हात संपला.

मग एका दुपारी हात असाच जड झाला. बेकरीतली माणसं जेवून आडवी झाली होती, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि मागून ठेका सुरू झाला.

थोरलीला बरं वाटलं. बाईंनी कुणाला तरी पाठवलेलं दिसतं, असं तिच्या मनात आलं आणि तिने तो ठेका धरला. हात कुणाचा तरी मुरलेला होता. बडबडीसारखा तरणा, टणक नव्हे. हलका, सावकाश, पण न थकणारा. फक्त एक खोड होती. पाच-सहा ठोके सरळ पडायचे आणि मग एखादा ठोका किंचित उशिरा यायचा. चपलेत खडा गेलेली बाई चालावी तसा. पण तो उशीरही नेमाने यायचा, त्यामुळे पुढे चालणाऱ्याला अडचण नव्हती. ओळ संपली की घंटी, मग कागदाची कॅरेज ओढल्याचा खर्र आवाज, की पुन्हा सुरू.

त्या दिवशी तिने पहिल्यांदा तास पुरा केला. शेवटचा कागद ओढून काढला, बोटं मोडली आणि हसत मागे वळली.

मागे कुणी नव्हतं. मशीनवर मेणकापडाचं कव्हर होतं.

खोलीला मागच्या बाजूने बेकरीच्या अंगणात उतरणारा जिना होता. ती बाई लाजाळू असेल, काम झालं नि गेली, असं तिने स्वतःला सांगितलं. जाता जाता सहज मागच्या खुर्चीवर हात ठेवला. बसायची जागा गरम होती. पण त्या खोलीत काय गरम नव्हतं?

दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज तसंच झालं. हात जड होईपर्यंत मागे शांतता. जड झाला की ठेका. जणू कुणी तिच्या मनगटावर लक्ष ठेवून होतं.

आठवड्याने ती बाईंना म्हणाली, "बाई, तुम्ही पाठवता त्या बाई कोण? फार उपकार झाले माझ्यावर."

बाई हजेरी घेत होत्या. "कुठल्या बाई?"

"दुपारी माझ्या मागे बसतात त्या."

"मागच्या मशीनवर?" बाईंनी चष्मा वर केला. "अगं, ते बडबडी गेल्यापासून बंद आहे. तिनेच जाता जाता त्याची दोरी तोडली. मेकॅनिकला निरोप धाडून धाडून मी थकले. खालची पोरं ट्रे आपटत असतील."

ट्रे आपटल्यावर घंटी वाजत नाही, हे थोरलीलाही कळत होतं.

मेकॅनिक आला तो नेमका दुपारी. तेलाचे डाग पडलेली पिशवी, कानात पेन्सिल. त्याने मागच्या मशीनचं कव्हर काढलं, एक बटण दाबलं. अक्षराची काडी वर आली, पण कॅरेज जागची हलली नाही.

"कॅरेजची दोरी तुटलीय," तो म्हणाला. "एकाच जागी शंभर अक्षरं मारा, पुढे सरकायची नाही."

"म्हणजे घंटी?"

"घंटी ओळीच्या टोकाला असते, ताई. टोकाला पोचेल तेव्हा वाजेल ना!" मग त्याने बटणांवरून हात फिरवला आणि हात झटकला. "ही भट्टी तुमची एक दिवस मशीनं वितळवणार. काय तापलीत बघा."

थोरलीने आपल्या मशीनच्या बटणांवर बोटं ठेवली. ती थंड होती.

मेकॅनिककडे दोरी नव्हती. पुढच्या खेपेला आणतो म्हणून गेला, तो परीक्षा होईपर्यंत उगवला नाही.

घरी तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. जेवताना डावा हात ताटाच्या कडेवर वाजायचा. आई भाजी निवडायची आणि मधेच थांबून म्हणायची, "हात आवर ग, माझ्या डोक्यात चालतं ते." झोपेत ती धाकटीच्या पाठीवर टाइप करायची.

"ताई, माझी पाठ आता सगळी भरली," धाकटी सकाळी म्हणायची. "दुसरा कागद लाव."

सगळे हसायचे, थोरलीही हसायची. पण तिच्या मनात एकच घोळत असायचं. जायचं की नाही? गेलं की भीती, न गेलं की नापास. दोन दिवस ती सकाळच्या वर्गाला बसून आली. भोवती मुली होत्या, हसणं-खिदळणं होतं, मागून काही आलं नाही. आणि अर्ध्या तासाने डावा हात मेल्यासारखा पडला.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दुपारी गेली.

त्याच दुपारी आकाश भरून आलं, म्हणून आईने धाकटीला छत्री घेऊन पाठवलं. थोरली तास संपवून खाली उतरली तेव्हा धाकटी शेवटच्या पायरीवर बसून पाव खात होती. बेकरीवाल्याने दिला होता.

"वर का नाही आलीस?"

"आले होते. दाराच्या फटीतून तुझी पाठ दिसली. तुम्ही दोघी अशा काही सुटला होतात, म्हटलं हाक मारली तर ओरडशील."

थोरलीने तिचा दंड धरला. "दोघी?"

"तू आणि ती मागची. दिसली नाही, दाराआड होती. काय बडवते ग ती! पण लंगडते." धाकटीने पावाच्या कागदावर बोटांनी वाजवून दाखवलं. टकटकटकटकटक, टक्. टकटकटकटकटक, टक्. "अश्शी. कोण आहे?"

"आहे एक," थोरली म्हणाली. "चल, पाऊस येईल."

तिला एका परीने धीर आला. आपल्याला वेड लागलेलं नाही एवढं तरी नक्की झालं. आणि एका परीने उरलासुरला धीरही गेला.

परीक्षा आठवड्यावर आली तेव्हा तिने नियम मोडायचं ठरवलं. मान वळवायची नाही असा नियम होता, आरशात बघायचं नाही असा नव्हता. पर्समधला छोटा आरसा तिने मशीनच्या बाजूला, कागद ठेवायच्या लाकडी स्टँडला टेकवून ठेवला. त्यात मागच्या टेबलाची कड दिसत होती, वर खिडकीचा तुकडा. ती टाइप करू लागली. हात जड झाला. मागून ठेका आला. तिने हळूच नजर उचलली.

ठेका थांबला.

आरशात टेबलाची कड होती. खिडकीचा तुकडा होता. कव्हर होतं.

तिने चालू ठेवायचा प्रयत्न केला. डावा हात उचलेना. खोली एवढी गप्प झाली, की खाली भट्टीत लाकूड फुटल्याचा आवाज वर आला. थोरलीला भीती वाटली, पण वेगळीच. मागे काहीतरी आहे याची नव्हे. ते आता गेलं, याची.

तिने आरसा पालथा घातला. मान खाली घातली. आणि तोंडातून आपोआप निघालं, "चुकलं माझं. थांबू नका तुम्ही. माझी बहीण आहे हो लहान."

कुणाला 'तुम्ही' म्हटलं, तिलाच ठाऊक नव्हतं. काही वेळ काहीच झालं नाही. मग अगदी मागे, मानेला जाणवेल इतक्या जवळ, कुणीतरी दमलेला श्वास सोडला.

आणि ठेका सुरू झाला.

त्यानंतर तिने कधी मागे पाहिलं नाही.

परीक्षा ऑफिसच्या मोठ्या हॉलमध्ये होती. उंच खिडक्या, नुकतीच चुना दिलेली भिंत, ओळीने मांडलेली मशीन्स. परीक्षक किडकिडीत गृहस्थ होते, गळ्यात स्टॉपवॉच अडकवलेलं. जागा चिठ्ठ्या टाकून वाटल्या. थोरलीची जागा शेवटच्या रांगेत आली. तिची खुर्ची भिंतीला टेकत होती. मागे एक पोस्टकार्ड सरकेल इतकीही जागा नव्हती.

ती उठून म्हणाली, "मला पुढची जागा मिळेल का?"

"का? मागे थंडी वाजते?" परीक्षक म्हणाले. हॉल हसला. "बसा बाई. मशीन सगळी सारखी आहेत."

घंटा झाली. पंचवीस-तीस मशीन्स एकदम सुटली. पत्र्यावर गारा पडाव्या तसा आवाज. पहिला भाग तिचा झकास गेला, दुसराही बरा. मग तोच ओल्या कपड्यासारखा जडपणा करंगळीत उतरला, मनगटात चढला. पुढच्या रांगेतली एक मुलगी थांबली आणि हुंदके देऊ लागली. थोरलीला पुस्तकांची फळी दिसली. साखळ्या दिसल्या.

भिंतीतून ठेका आला.

एवढ्या गलबल्यात तो वेगळा ऐकू यायचं कारण नव्हतं, पण आला. तेच हलके ठोके. तोच उशिरा पडणारा एक. तिचा जीव भांड्यात पडला आणि बोटं आपोआप त्या चालीत चालू लागली.

तिसरा भाग संपला. चौथा लागला.

मग ठेका वाढू लागला.

आधी कळलं नाही. ती आपली धरून चालत राहिली. पण तो वाढतच गेला. कुणाला तरी कुठे तरी पोचायची घाई झाली होती. उशिरा पडणारा ठोका आता जास्त उशिरा पडत होता, अडखळत होता. मधे तो मघासारखा श्वास. एक, मग लगेच दुसरा.

मागच्या बाईला काहीतरी होत होतं.

थोरलीला वळावंसं वाटलं. बाई, थांबा, बसा जरा, असं म्हणावंसं वाटलं.

ती वळली नाही.

ठेका थांबला.

ओळीच्या मधोमध. घंटी वाजली नाही.

तिने घंटीची वाट पाहिली. बोटं चालूच होती. पुढच्या ओळीची वाट पाहिली. मागे चुन्याची भिंत होती, तेवढीच.

आणि तेव्हा तिला कळलं की आपण एकटीच चाललो आहोत, आणि डावा हात चालतो आहे.

ती एकटीच शेवटपर्यंत गेली.

"स्टॉप!" परीक्षक ओरडले. हॉल गप्प झाला. ते कागद गोळा करत शेवटच्या रांगेपाशी आले आणि थबकले. "अहो, रडताय कशाला? तुमच्याइतकं सरळ कुणी संपवलेलं नाही."

"कुणीतरी मधेच थांबलं," थोरली म्हणाली.

"पुष्कळ थांबले. तुम्हाला काय त्याचं?"

ती लागली. क्वार्टर राहिलं. गॅलरीतला पाट आणि फळी राहिली.

मामाने पुन्हा त्या घरात दुकानाचं नाव काढलं नाही. म्हातारपणी त्याचा हिशेब धाकटीच येऊन तपासून द्यायची आणि दर वेळी विचारायची, "मामा, साखळ्या खपल्या का?" बडबडीला चार मुलं झाली, चारही बोलकी. क्लासच्या बाईंनी बेकरी बंद पडली त्या वर्षी क्लासही बंद केला. फरशी गार पडल्यावर मला तिथे करमेना, असं त्या सांगत. मेकॅनिकने पुढे रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. मागच्या मशीनला दोरी काही कुणी लावली नाही. आई त्याच क्वार्टरमध्ये, गॅलरीत उन्हाला बसलेली असताना शांतपणे गेली. धाकटी कॉलेजात शिकवू लागली, आणि निवृत्त झाल्यावर, नवरा गेल्यानंतर, थोरलीकडेच राहायला आली.

थोरलीने लग्न केलं नाही. टायपिंग विभागाची ती प्रमुख झाली. पन्नाशीच्या आसपास एकदा ऑफिसातल्या लोखंडी कपाटाचं दार तिच्या डाव्या हातावर आपटलं. करंगळीचं हाड जुळलं, पण ती ताठ राहिली. ज्या अक्षरांवर करंगळी पडायची, तिथे आता तिला दुसरं बोट लांबवून न्यावं लागे, आणि त्याला जरासा वेळ लागे.

बरी होऊन कामावर आली त्या सकाळी तिने मशीनला कागद लावला आणि दोन ओळी टाइप केल्या. मग थांबली. पुन्हा एक ओळ टाइप केली, पुन्हा थांबली. मग मशीनवर कव्हर घालून ती संध्याकाळपर्यंत खिडकीशी बसून राहिली. शेजारच्या टेबलावरच्या बायकांना वाटलं, हाताची सवय मोडली म्हणून वाईट वाटलं असेल.

ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा भंगारात निघालेलं एक जुनं मशीन तिने घरी आणलं. निवृत्तीनंतर घेतलेल्या लहानशा जागेत, तिसऱ्या मजल्यावर, ते टेबलावर ठेवलं. टेबलासमोर एक खुर्ची मांडली, तिच्याकडे पाठ करून. त्या खुर्चीवर कुणाला बसू देत नसे. आणि दुपारचं जेवण झालं की टाइप करायला बसे. रोज नव्हे. मधेच कधी तरी जेवता जेवता ताठ व्हायची, कान दिल्यासारखी, आणि हात धुऊन लगबगीने जाऊन बसायची.

"आता कुणासाठी बडवतेस ग, ताई?" धाकटी विचारायची.

"आहे एक. अर्ध्यावर दमते."

धाकटी हसायची. म्हातारपणाच्या लहरी, दुसरं काय. एकदा मात्र आतून बोलणं ऐकू आलं म्हणून ती दाराशी गेली. मशीन थांबलं होतं. थोरली समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत हलकेच म्हणत होती, "घाल बघू मान खाली. आहे मी."

डॉक्टरांनी हृदयाचं निदान केलं तेव्हा धाकटीने मशीन उचलून ठेवायचं ठरवलं. थोरली एरवी कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी म्हणाली, "हात लावू नकोस त्याला. तिची परीक्षा व्हायचीय अजून."

"कुणाची?"

थोरलीने धाकटीच्या पांढऱ्या केसांवरून हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसा.

शरदातली दुपार होती. धाकटी स्वयंपाकघरात होती. मधल्या खोलीतून नेहमीचा आवाज येत होता, तो एकाएकी भराभर येऊ लागला. "अगं, हळू," ती तिथूनच म्हणाली. मग आवाज बंद पडला. बरं झालं, दमली असेल, असं म्हणून तिने चहाचं आधण ठेवलं.

तेवढ्यात टायपिंग पुन्हा सुरू झालं. म्हणून ती उठली नाही. सावकाश चहा केला, गाळला, कप नेला.

थोरली मान खाली घालून बसली होती, हात बटणांवर. हात गार होते. कॅरेज ओळीच्या मधोमध अडकली होती.

धाकटी समोरच्या खुर्चीवर, जिच्यावर कुणी बसायचं नाही त्या खुर्चीवर, मटकन बसली. बसायची जागा गरम होती. त्या घराच्या खाली बेकरी नव्हती.

डॉक्टर म्हणाले, "तुम्ही आधण ठेवण्याच्या आधीच त्या गेल्या असणार."

"नाही हो," धाकटी म्हणाली. ती आजही तेच सांगते. "त्यानंतर मी ऐकलं ना. चहा होईपर्यंत टाइप करत होती. ओळ संपली की घंटी वाजत होती. आणि हात इतका सुधारला होता तिचा! शेवटी शेवटी एकदासुद्धा लंगडली नाही."